मे महिन्यात बघितलेलं घर

ऑक्टोबर 2024च्या मध्यावर चेन्नईत अतिवृष्टीचा इशारा आला आणि वेलचेरीच्या उड्डाणपुलावर गाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. पाऊस अजून सुरू व्हायचा होता. माणसं गल्लीतून गाडी बाहेर काढत, पुलावर कठड्याला लावत आणि पायी घरी परतत. बघता बघता पुलाच्या कडेला गाड्यांची रांग लागली. पोलीस दंड करताहेत अशी बातमी पसरली, मग पोलिसांनीच असा दंड होत नसल्याचं जाहीर केलं. त्या रांगेचे फोटो देशभर फिरले. बाहेरच्यांना त्यात नवल वाटलं. वेलचेरीकरांना नाही वाटलं, कारण डिसेंबर 2015मध्ये घराखाली लावलेल्या गाड्या टपापर्यंत बुडालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, आणि डिसेंबर 2023मध्ये पुन्हा एकदा.

पुणे, नाशिक, नागपूर किंवा ठाण्याहून बदली होऊन चेन्नईला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला वेलचेरी हे नाव फार लवकर ऐकू येतं. नोकरी आयटीतली असली तर कचेरी बहुधा तरमणीला नाहीतर ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर असते. जुलै 2000मध्ये तरमणीत टायडेल पार्क उभं राहिलं आणि दक्षिण चेन्नईचा नकाशाच बदलला. वेलचेरी तिथून हाकेच्या अंतरावर. नोव्हेंबर 2007मध्ये चेन्नई बीचपासून येणारी उन्नत रेल्वे वेलचेरीपर्यंत पोहोचली. 2013मध्ये फिनिक्सचा मोठा मॉल उघडला. आयआयटी मद्रासची भिंत शेजारी, गिंडीचं राष्ट्रीय उद्यान त्याला लागून, विमानतळ जवळ. कागदावर मांडलं तर मुलंबाळं घेऊन राहायला याहून सोयीची वस्ती शोधूनही सापडू नये. म्हणूनच इथे हजारो कुटुंबं आली, आणि त्यातली बहुतेक इथे नीट नांदताहेत, हेही आधीच सांगायला हवं.

अडचण घर बघण्याच्या मोसमाची आहे.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. बदल्यांची पत्रं मार्च-एप्रिलमध्ये निघतात. त्यामुळे घर बघायला माणूस चेन्नईत येतो तो एप्रिल-मे महिन्यात. मेच्या सुरुवातीपासून अखेरीपर्यंत तिथे अग्निनक्षत्राचे दिवस असतात, तमिळ लोक त्याला कत्तिरी म्हणतात. रस्ते भाजून निघालेले, गटारं कोरडी ठणठणीत, रिकाम्या प्लॉटवर वाळलेलं गवत. घर बघायला आलेला माणूस खोल्या किती, हवा खेळती आहे का, एसी आहे का, एवढं विचारतो. त्या दिवसांत जमीन आपल्याबद्दल काहीच सांगत नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाच्या हाडात पावसाचं एक वेळापत्रक मुरलेलं असतं. जूनला येणार, गणपतीत कोसळणार, दसऱ्याला आवरतं घेणार, दिवाळीला अंगण कोरडं. चेन्नईत दिवाळी ऐन पावसात येते. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. वर्षभरातल्या साधारण 1,400 मिलिमीटर पावसापैकी अर्ध्याहून बराच जास्त या तीन महिन्यांत पडतो. पावसाची हलकी सुरुवात होऊन तो वाढत जातो असंही नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडून जातो. नोव्हेंबर 2015मध्ये चेन्नईत 1,049 मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात अख्ख्या वर्षात सरासरी एवढा पडत नाही. त्यानंतर 1 डिसेंबरला आभाळ पुन्हा फाटलं. तांबरमला चोवीस तासांत 49 सेंटिमीटर पावसाची नोंद झाली, चेंबरंबाक्कम तलावातून सेकंदाला 29,000 घनफूट पाणी सोडलं गेलं आणि अड्यार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली, विमानतळ काही दिवस बंद राहिला. 1878पासून निघणारं ‘द हिंदू’ 2 डिसेंबरला छापता आलं नाही, कारण कामगारांना छापखान्यापर्यंत पोहोचताच येईना.

26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कलिना, कुर्ला आणि मिठीकाठची मुंबई कशी बुडाली हे ज्यांनी पाहिलं, किंवा सप्टेंबर 2019मध्ये आंबिल ओढ्याने पुण्यात केलेला कहर ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना वेलचेरी समजायला वेळ लागणार नाही. पाणी नवी वाट शोधत नाही, जुनी वाट आठवून येतं. कोणत्या वस्तीत राहायचं हे ठरवताना ही जुनी वाट कुठून होती, हा पहिला प्रश्न असायला हवा. मॉल आणि मेट्रो नंतर.

वेलचेरीची जुनी वाट सांगणं अवघड नाही. हे चोळकालीन गाव. इथल्या दंडीश्वराच्या देवळात त्या काळचे शिलालेख आहेत. गावाला तलाव होता, आणि आजही आहे, पण किती? एकेकाळी सुमारे 265 एकरांवर पसरलेला वेलचेरीचा तलाव आता 55 एकरांच्या आसपास उरला आहे असं सांगितलं जातं. बाकीच्या जागेवर रस्ते, सरकारी गृहनिर्माण योजना, खासगी वसाहती उभ्या आहेत. आणि तलाव हा या कहाणीचा निम्माच भाग. खाली, आग्नेयेला, पळ्ळीकरणैची दलदल आहे. दक्षिण चेन्नईतल्या कितीतरी तलावांचं जास्तीचं पाणी एकातून दुसऱ्यात उतरत शेवटी या दलदलीत येतं. अडंबाक्कमच्या तलावापासून निघणारा वीरांगल ओढा वेलचेरीतूनच वाहत तिच्याकडे जातो. तिथून पाणी ओक्कियम मडुवु नावाच्या प्रवाहाने बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे कोवलमच्या खाडीतून समुद्राला मिळतं. साठ वर्षांपूर्वी ही दलदल सुमारे पाच हजार हेक्टरांवर होती. आज तिचा जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक आहे. बाकी जमिनीवर सरकारी संस्था आल्या, रेल्वे स्थानकं आली, आयटीच्या इमारती आल्या, आणि पेरुंगुडीचा कचरा डेपोही आला. 2007मध्ये 317 हेक्टर भाग राखीव वन जाहीर झाला आणि 2022मध्ये पळ्ळीकरणैला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित, झोळीवाले, शराटी हे पक्षी अजूनही थव्यांनी येतात; गाडीच्या खिडकीतून मुलांना दाखवण्यासारखं ते दृश्य आहे. पण ज्या खोलगट भागाने पूर्वी पाणी साठवून धरलं, त्यावरच घरं बांधल्यावर पाणी कुठे थांबणार?

डिसेंबर 2023मध्ये मिचाँग चक्रीवादळ चेन्नईच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा याचं उत्तर पुन्हा मिळालं. वेलचेरीतल्या वसाहतींत पाणी अनेक दिवस उतरलं नाही. वीज नव्हती, दूध नव्हतं, होड्या फिरल्या. गिंडी आणि वेलचेरीच्या मधल्या फाइव्ह फर्लाँग रस्त्याजवळ बांधकामासाठी खणलेला मोठा खड्डा 4 डिसेंबरला ढासळला. त्यात अडकलेल्या दोघांचे मृतदेह हाती यायला चार दिवस लागले. बातम्यांत एजीएस कॉलनी, राम नगर, विजयनगर, टान्सी नगर ही नावं पुन्हा पुन्हा आली. 2015मध्येही हीच नावं होती.

पण एवढं ऐकून वेलचेरीवर काट मारणं ही घाई होईल. इथे एका गल्लीत गुडघाभर पाणी असतं, आणि दोनशे पावलांवरच्या दुसऱ्या गल्लीत मुलं सायकल चालवत असतात. जमिनीतला दोन-तीन फुटांचा फरक डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतो. म्हणून वेलचेरीत वस्ती निवडणं म्हणजे खरं तर गल्ली निवडणं, आणि गल्लीत इमारत निवडणं. दलाल ‘वेलचेरीत घर आहे’ एवढंच सांगतो, संकेतस्थळावरच्या जाहिरातीतही तेवढंच असतं. त्या पुढचं काम पायांनी करावं लागतं.

ते कसं करायचं, हे थोडं जवळून बघू.

गल्लीत शिरताना रस्त्याची पातळी आणि इमारतीच्या फाटकाची पातळी ताडून पाहावी. चेन्नईत रस्त्यावर थरावर थर चढत गेले आहेत, त्यामुळे जुन्या घरांचं अंगण रस्त्याच्या खाली गेलेलं असतं. अशा घराच्या दारात वीटभर उंचीचा सिमेंटचा उंबरा नंतर घातलेला दिसला तर समजावं की घरमालकाला अनुभव आलेला आहे. कंपाउंडच्या भिंतीवर, जिन्याखाली, पार्किंगच्या खांबांवर रंग एका सरळ आडव्या रेषेत बदलतो का ते पाहावं. पावसाळ्यानंतर भिंत रंगवून घेतात, पण खांबांच्या मागच्या बाजूला आणि मीटरच्या खोलीत कुणी रंग लावत नाही. विजेचे मीटर कुठल्या उंचीवर बसवले आहेत, ही सगळ्यांत बोलकी खूण. जमिनीपासून दोन फुटांवरचे मीटर खांद्याच्या वर हलवलेले दिसले तर त्या इमारतीने पूर पाहिला आहे, आणि त्यातून काही शिकलीही आहे. अशी इमारत कधीकधी कोऱ्या करकरीत इमारतीपेक्षा बरी. जनरेटर तळघरात आहे की वर, लिफ्टची मोटर कुठे आहे, हेही त्याच फेरीत कळतं.

मग सम्प. चेन्नईत जवळपास प्रत्येक इमारतीला जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला सगळे सम्प म्हणतात. महापालिकेचं पाणी, बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, सगळं आधी तिथे पडतं आणि मग गच्चीवरच्या टाकीत चढतं. पूर आला की रस्त्यावरचं आणि गटाराचं पाणी झाकणाच्या फटीतून या सम्पमध्ये शिरतं. घरात पाणी आलं नाही तरी नळाला येणारं पाणी बिघडतं, आणि घरात लहान मूल असेल तर ते अधिक धोक्याचं. सम्पचं झाकण जमिनीला सपाट आहे की फूट-दीड फूट उंच कठड्यावर आहे, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. घर दाखवायला आलेला माणूस ते आपणहून दाखवणार नाही.

आणि विचारायचं कुणाला? घरमालकाला नको, दलालाला तर नकोच. गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर कपडे इस्त्री करणारा असतो, फुलांचे गजरे विकणाऱ्या अक्का असतात, कोपऱ्यावर पेटीदुकान, म्हणजे टपरी, असते, इमारतीत वॉचमन असतो. ही माणसं वर्षानुवर्षं त्याच जागी आहेत आणि पाणी पहिल्यांदा त्यांच्याच पायाशी येतं. तमिळ येत नसलं तरी एक वाक्य पाठ करून जावं: ‘मळै तण्णी वीट्टुक्कुळ्ळ वरुमा?’ पावसाचं पाणी घरात येतं का? उत्तर बहुतेक वेळा शब्दांनी येतच नाही. माणूस हाताने उंची दाखवतो. घोटा, गुडघा किंवा कंबर. तो हात कुठे थांबतो यावर पुढची सगळी बोलणी ठरवावीत.

वेलचेरीत राहून नोकरी करणारी जोडपी हल्ली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याला पसंती देतात, खाली फक्त पार्किंग. त्याला ते स्टिल्ट म्हणतात. हा उपाय चांगला आहे, पण पुरेसा नाही. घर कोरडं राहिलं तरी दार गाठता येत नसेल, तर आजारी सासूबाईंना दवाखान्यात कसं न्यायचं? पुराच्या काळात वीजपुरवठा सुरक्षेसाठी मुद्दाम बंद करतात. दोन-तीन दिवस लिफ्ट नाही, पंप नाही, फोन चार्ज नाही. पाण्याबाहेर असलेल्या मोठ्या रस्त्यापर्यंत गल्लीतून पायी किती अंतर आहे, हे मजल्यापेक्षा महत्त्वाचं ठरतं. मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घराने तर हे आधी पाहावं.

गंमत म्हणजे याच शहरात पाणी संपण्याचीही भीती असते. 2019च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे तलाव जवळजवळ कोरडे पडले. ओएमआरवरच्या काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरूनच काम करायला सांगितलं. 12 जुलैला जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी विल्लिवाक्कमला पोहोचली, पन्नास वाघिणींत 25 लाख लिटर पाणी घेऊन. मराठवाड्यातल्या माणसाला हे चित्र ओळखीचं आहे. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला अशीच गाडी धावली होती. दक्षिण चेन्नईसाठी समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प नेम्मेलीला आहेत. रोज 15 कोटी लिटर क्षमतेचा नवा प्रकल्प फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झाल्यावर परिस्थिती सुधारली. तरीही घर घेताना महापालिकेच्या पाण्याची जोडणी आहे का, बोअर किती खोल आणि त्याचं पाणी खारं आहे का, उन्हाळ्यात टँकरचा खर्च भाडेकरूवर पडतो की सगळ्यांत वाटला जातो, हे लिहून घ्यावं. तामिळनाडूत 2003पासून प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. ती कागदावर आहे की जमिनीत, हे पाहायला गच्चीवरून खाली येणारा नळ कुठे जातो एवढं पुरतं. तो नळ रस्त्यावर सोडलेला दिसला तर उत्तर मिळालंच.

भाड्याचा व्यवहार पुण्या-मुंबईपेक्षा थोडा वेगळा आहे. अनामत रकमेला इथे अॅडव्हान्स म्हणतात, आणि ती दहा महिन्यांच्या भाड्याइतकी मागायची इथली जुनी रीत. भाडेकरू आणि घरमालकांसाठीचा राज्याचा 2017चा कायदा फेब्रुवारी 2019पासून लागू झाला, त्यात करारात वेगळं ठरलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही, आणि करार नोंदवावा लागतो. प्रत्यक्षात घासाघीस करावी लागते, पण कायदा हाताशी आहे हे माहीत असलं की बोलायला बळ येतं. ‘फक्त शाकाहारी’ ही अट अजूनही पुष्कळ घरांवर असते. ज्यांच्या घरी रविवारी मासे शिजतात त्यांनी ती आधीच विचारावी, नंतर स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेत जगण्यात अर्थ नाही.

शाळेचा प्रश्न मोठा. आयआयटीच्या आवारात केंद्रीय विद्यालय आहे आणि वनवाणी ही शाळाही, हरणांच्या सोबतीने भरणारी. केंद्र सरकारच्या नोकरीत असणाऱ्यांना केंद्रीय विद्यालयाचा आधार मोठा असतो, कारण बदलीत अभ्यासक्रम मोडत नाही. बाकीच्यांनी तमिळचा विचार करायला हवा. 2006च्या कायद्याने तामिळनाडूतल्या शाळांत पहिलीपासून तमिळ शिकवणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, आणि 2015-16पासून सीबीएसई शाळाही त्यात आल्या. महाराष्ट्राने 2020मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला, तेव्हा या सक्तीत अन्याय शोधायचं कारण नाही. पहिलीत प्रवेश घेणाऱ्या मुलासाठी तमिळ हा आनंदाचाच भाग होतो. सहा महिन्यांत ते पेटीदुकानात आईपेक्षा चांगलं बोलतं. अडचण सहावी-सातवीत येणाऱ्या मुलाची असते. त्याला कुठून सुरू करायला लावणार, गुण धरणार का, शाळेत जादा तास आहेत का, हे प्रवेशाआधी मुख्याध्यापकांकडून स्पष्ट करून घ्यावं. आणि घरातल्या मोठ्यांनीही लिपी शिकून घ्यावी. बसची पाटी वाचता आली की हे शहर निम्मं आपलं होतं.

बसवरून आठवलं, मे 2021पासून शहरातल्या साध्या बसमध्ये स्त्रियांना तिकीट लागत नाही. विजयनगरच्या बस आगारातून सगळीकडे गाड्या सुटतात. ज्या घरातली स्त्री नव्या शहरात नोकरी शोधते आहे, किंवा मुलांना शिकवणीला सोडायला रोज बाहेर पडते, तिच्यासाठी ही सोय भाड्यातल्या दोन हजारांच्या फरकापेक्षा मोठी. उन्नत रेल्वे स्वस्त आणि जलद आहे, पण काही स्थानकांच्या अजस्र इमारती रात्री रिकाम्या पडतात. मुलगी महाविद्यालयातून उशिरा येणार असेल तर स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता अंधार पडल्यावर एकदा स्वतः चालून पाहावा. वेलचेरीहून सेंट थॉमस माउंटला जोडणारा पाच किलोमीटरचा टप्पा जमीन संपादनाच्या वादात वर्षानुवर्षं रखडला, आणि तोही शेवटच्या अर्ध्या किलोमीटरसाठी. जोडणी होणार आहे म्हणून घर घेतलेल्यांची त्या काळात निराशा झाली. होणार असलेल्या गोष्टींवर घर निवडू नये, असलेल्यांवर निवडावं.

दवाखान्यांच्या बाबतीत वेलचेरी भाग्यवान आहे. गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात जून 2023मध्ये मोठं सरकारी बहुउपचार रुग्णालय उघडलं, खासगी रुग्णालयंही जवळ आहेत. लहान मुलांसाठी मात्र एग्मोरचं सरकारी बालरुग्णालय आजही अनेकांचा शेवटचा आधार, आणि ते तेवढं जवळ नाही. दम्याचा त्रास असणारं मूल घरात असेल तर आणखी एक गोष्ट बघावी: पेरुंगुडीच्या कचरा डेपोकडून वारा कुठल्या दिशेने येतो. एप्रिल 2022मध्ये तिथे लागलेली आग काही दिवस धुमसत होती आणि धुराने आजूबाजूच्या वस्त्या हैराण झाल्या. जुना कचरा उपसून जमीन मोकळी करण्याचं काम तिथे हाती घेतलं गेलं, पण डेपो दलदलीतच आहे हे विसरता येत नाही.

मग वेलचेरी सोडून दुसरीकडे जावं का? तिरुवान्मियूर, बेझंट नगर या समुद्राजवळच्या, जुन्या, झाडांच्या वस्त्या, पण भाडं परवडायला हवं. नंगनल्लूर देवळांची आणि निवृत्त माणसांची शांत वस्ती. अडंबाक्कम स्वस्त, पण त्याच वीरांगल ओढ्याच्या काठाशी. मडिपाक्कम, पळ्ळीकरणै, पेरुंगुडी हे भाग 2011मध्ये महापालिकेत आले. घरं नवी आणि मोठी मिळतात, पण तिथेही दलदल शेजारी आहे, आणि मडिपाक्कमच्या बाजूला मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या खोदकामाने रस्ते दीर्घकाळ अडलेले आहेत. विकत घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध व्हावं. 2025मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने रामसर क्षेत्राच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत नव्या बांधकामांना परवानगी देणं थांबवायला सांगितलं. आपल्या पसंतीची इमारत त्या रेषेच्या आत येते की बाहेर, हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

या शहरात मराठी माणूस पहिल्यांदाच येतोय असंही नाही. 1676च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापलं आणि मराठी त्या मुलुखात पावणेदोनशे वर्षं राजभाषेच्या मानाने राहिली. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा सरफोजींनी 1803मध्ये कोरवलेला मराठी शिलालेख आजही वाचता येतो. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले, आणि शेवटी मद्रासच्या मैलापुरात स्थिरावले. 1887च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक सोनं गाळायला दक्षिणेतल्या गावोगावच्या सराफ बाजारांत पोहोचले, ते दुष्काळाने ढकलल्यामुळे. त्यांनी घर निवडलं नव्हतं. भट्टी जिथे, तिथेच वरच्या खोलीत संसार. आजच्या आयटीतल्या मराठी जोडप्याला निवड करता येते, हा मोठा फरक. पण गलाईवाल्यांकडे एक गोष्ट होती जी आज कमी पडते. गावचा कुणीतरी आधीच तिथे असे, आणि नव्याला कुठे पाणी भरतं, कुणाकडे उधार मिळतं, कुठली शाळा बरी, हे पहिल्या दिवशी सांगे. आज हे काम महाराष्ट्र मंडळाला आणि सहकाऱ्यांना करावं लागेल. वेलचेरीच्या रस्त्यावरच 1971मध्ये शीख समाजाच्या पुढाकाराने उभं राहिलेलं गुरू नानक कॉलेज आहे. हजारो मैलांवरून आलेल्यांना इथे मुळं धरून शहराला काही देता येतं, हे त्यातून दिसतं.

शहरही हातावर हात धरून बसलेलं नाही. नोव्हेंबर 2021च्या पुरानंतर निवृत्त सनदी अधिकारी व्ही. तिरुप्पुगळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पावसाळी नाल्यांची कामं मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. सप्टेंबर 2024मध्ये गिंडीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाची जमीन सरकारने परत घेतली आणि तिथे पावसाचं पाणी साठवणारी तळी खोदायला घेतली. वेलचेरीकडे धावणारं पाणी वरच्या अंगालाच थोपवण्याचा हा प्रयत्न आहे. पाणी तुंबलं की नागरिकांनी फिरवायचा महापालिकेचा क्रमांक 1913. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवण्याइतका उपयोगी आहे.

तरीही घर बघायचा महिना बदलता आला तर त्याइतकी खात्री दुसऱ्या कशात नाही. तमिळ घरांमध्ये आडि आणि मार्गळी या महिन्यांत घर बदलत नाहीत. मार्गळी संपून पोंगलला तै महिना लागला की घरं रिकामी होऊ लागतात, भाडेकरू हलतात, पाट्या लागतात. तो काळ जानेवारीच्या मध्यापासूनचा. पाऊस नुकताच थांबलेला असतो, भिंतींवरची ओल अजून वाळलेली नसते, सम्प नुकता साफ केलेला किंवा करायचा राहिलेला असतो, आणि इस्त्रीवाल्याला यंदा पाणी कुठवर आलं होतं ते नेमकं आठवत असतं. शाळांचे प्रवेश अर्जही त्याच्या आगेमागेच सुरू होतात. बदलीची नुसती कुणकुण असली तरी जानेवारीच्या एखाद्या लांब सुट्टीत दोघांनी मिळून चेन्नईला जावं, तीन-चार गल्ल्या पायी फिराव्यात, शाळेत चौकशी करावी, आणि एप्रिलमध्ये पत्र हातात पडल्यावर दलालाला गल्लीचं नाव सांगूनच फोन करावा. आणि मेमध्येच जाणं भाग असेल, तर करार अकरा महिन्यांचाच करावा, सोडण्याची मुदत एका महिन्याची ठेवावी, आणि घरसामान लावताना पुस्तकं, कागदपत्रं, मुलांची प्रमाणपत्रं खालच्या कप्प्यात ठेवू नयेत.